हरवलेली थैली आणि उच्चारलेला शब्द

समोर उभा असलेला फिर्यादी खोटे बोलत आहे हे न्यायाधीशाला कळून चुकले असताना त्याने ते खोटे खरे मानून निकाल द्यावा काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या कोणत्याही परंपरेत अवघडच ठरतो. कारण न्यायाचा पाया सत्य असेल, तर असत्याचा आधार घेणाऱ्या निवाड्याला न्याय कसे म्हणायचे, आणि तरीही तो निवाडा न्याय्य वाटत असेल, तर न्यायाचा पाया सत्याहून निराळ्या कशावर तरी उभा आहे असे मानणे भाग पडते. ज्यू लोककथांच्या भांडारातील हरवलेल्या थैलीची कथा हा प्रश्न फार थोड्या शब्दांत उभा करते. चातुर्यकथांच्या संग्रहांत तिची गणना होते आणि लोभी माणसाची फजिती झाली एवढ्यावर वाचक समाधान मानतो. परंतु ज्या समाजात ती सांगितली गेली, त्या समाजाच्या धर्मशास्त्राशेजारी ठेवून ती वाचली म्हणजे तिच्यातील न्यायाधीश प्रथमदर्शनी वाटतो तितका खट्याळ राहत नाही.

कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, सांगाडा मात्र तोच राहतो. एका श्रीमंत व्यापाऱ्याची मोहरांनी भरलेली थैली हरवते. थैली आणून देणाऱ्यास ठरावीक बक्षीस मिळेल अशी दवंडी तो पिटवतो. एका गरिबाला ती सापडते आणि तो ती जशीच्या तशी आणून देतो. मोहरा हाती येताच व्यापाऱ्याला बक्षीस जड वाटू लागते. थैलीत शंभर मोहरा असतात, पण आपल्या थैलीत दोनशे होत्या, म्हणजे उरलेल्या याने आधीच काढून घेतल्या, असा कांगावा तो करतो. प्रकरण रब्बीपुढे, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्या आणि त्यानुसार निवाडा करणाऱ्या पंडितापुढे, जाते. रब्बी दोघांचे म्हणणे ऐकून घेतो आणि सांगतो की दोघेही खरे बोलत आहेत: व्यापाऱ्याची थैली दोनशे मोहरांची होती, सापडलेली थैली शंभरांची आहे, तेव्हा ही थैली व्यापाऱ्याची नव्हेच, तिचा खरा मालक येईपर्यंत गरिबाने ती आपल्याजवळ ठेवावी, आणि व्यापाऱ्याने आपली दोनशेंची थैली कोणाला सापडते का, याची वाट पाहावी.

या कथेचे एक जुने लिखित रूप स्पेनमध्ये सापडते. मोशे सेफार्दी नावाच्या ज्यू विद्वानाने ११०६ मध्ये हुएस्का येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारून पेत्रुस अल्फोन्सी हे नाव घेतले, आणि ज्यू व अरबी परंपरेतून गोळा केलेल्या तीसहून अधिक कथांचा ‘दिसिप्लिना क्लेरिकालिस’ हा लॅटिन संग्रह रचला. तेथे थैलीत हजार सुवर्णनाणी आणि रत्नाचे डोळे असलेला एक सोन्याचा सर्प आहे, आणि श्रीमंत माणूस सर्प दोन होते असा दावा करतो. निवाडा करणारा तत्त्वज्ञ राजाला सुचवतो की जाहीर केलेले बक्षीस गरिबाला द्यावे आणि बाकीचे धन खरा मालक येईपर्यंत जपून ठेवावे. हे ऐकताच श्रीमंताचा धीर सुटतो, तो आपले खोटे कबूल करतो, आणि बक्षीस देण्याच्या बोलीवर त्याचे धन त्याला परत मिळते. तोंडी परंपरेतील पुष्कळ रूपांत ही क्षमा उरलेली नाही. तेथे व्यापारी रिकाम्या हाताने जातो. हा फरक केवळ कथनशैलीचा नव्हे, कारण एकदा उच्चारलेला शब्द परत घेता येतो की नाही, हाच या कथेच्या गाभ्यातील वाद आहे.

सापडलेल्या वस्तूविषयीचे ज्यू धर्मशास्त्र ‘हशावत अवेदा’, म्हणजे हरवलेले परत करणे, या आज्ञेवर उभे आहे. निर्गमाच्या २३ व्या आणि अनुवादाच्या २२ व्या अध्यायात ती सांगितली असून वस्तू पाहूनही न पाहिल्यासारखे करून निघून जाण्यास तेथे मनाई आहे. इ. स. २०० च्या सुमारास येहुदा हनासी यांनी सिद्ध केलेल्या ‘मिश्ना’ या मौखिक धर्मनियमांच्या संहितेत ‘बावा मेत्सिया’ नावाचा एक ग्रंथभाग आहे आणि त्याचा दुसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. इतस्ततः विखुरलेली नाणी ज्याला सापडतील त्याची होतात, कारण ती ओळखण्याचे साधन मालकाजवळ नसल्याने त्याने आशा सोडली असे धरले जाते. या आशा सोडण्याला ‘येउश’ म्हणतात. थैलीतील नाणी मात्र जाहीर करावी लागतात, आणि मागणाऱ्याने ‘सिमान’, म्हणजे ओळखीची खूण, सांगितल्याखेरीज ती द्यायची नसतात. यरुशलेमात या कामासाठी एक ठरलेला दगड होता आणि तेथे ज्याला वस्तू सापडली तो पुकारा करी, ज्याची हरवली तो खुणा सांगे, अशी आठवण तलमूदाने जपली आहे. मिश्नावरील पुढील अनेक शतकांच्या चर्चेचा संग्रह म्हणजे तलमूद. या चर्चेत वस्तूची संख्या हीदेखील खूण म्हणून मान्य झालेली आहे. तेव्हा शंभरांच्या जागी दोनशे सांगणारा व्यापारी रब्बीच्या हजरजबाबीपणापूर्वीच आपल्या हाताने आपली खूण पुसून बसलेला असतो. इतकेच नव्हे, तर लबाड म्हणून ठाऊक असलेल्या माणसाने खुणा अचूक सांगितल्या तरी वस्तू त्याच्या हाती देऊ नये, आधी माणसाची पारख करावी, असेही मिश्ना बजावते.

या शास्त्रात परत करणाऱ्याला बक्षिसाचा हक्क नाही, ही गोष्ट कथेच्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. परत करणे हे धर्मकृत्य असून त्याचे मोल घ्यायचे नसते. त्यासाठी कोणाचा कामधंदा बुडाला तर काम न करता बसलेल्या मजुराच्या दराने काय ती भरपाई मिळते. म्हणजे कथेतील गरिबाचा बक्षिसावरचा सारा अधिकार व्यापाऱ्याच्या दवंडीतून, त्याने आपखुशीने दिलेल्या शब्दातून, निर्माण होतो. व्यापाऱ्याला दिलेल्या शब्दातून सुटायचे होते, आणि सुटण्यासाठी त्याने दुसऱ्या शब्दाचा आधार घेतला.

हा डाव शास्त्रकारांना नवा नव्हता. सर्वसाधारण व्यवहारात एखाद्यावर दोनशेंचा दावा झाला आणि त्याने शंभर देणे मान्य केले, तर उरलेल्या शंभरांविषयी त्याला शपथ घ्यावी लागते, असा मूळ नियम आहे. ऋणको सगळेच नाकारायला धजत नाही, पण वेळ काढण्यासाठी थोडे दाबून ठेवतो, असा मानवी स्वभावाचा अनुभव या नियमामागे आहे. हाच नियम थैली आणून देणाऱ्याला लावला, तर त्याने एक थैली आणल्याबरोबर मालक म्हणेल की दोन होत्या, आणि प्रामाणिक माणसाला देवाची शपथ घेत न्यायासनापुढे उभे राहावे लागेल. ज्या काळी खरी शपथ घेण्याचीही धास्ती वाटत असे, त्या काळी ही शिक्षाच होती. म्हणून ‘गित्तिन’ या ग्रंथभागाच्या पाचव्या अध्यायात नियम आला की हरवलेली वस्तू आणून देणाऱ्याला शपथ घालू नये, आणि त्याचे कारण ‘तिक्कुन ओलाम’ असे दिले गेले. आज हा शब्द समाजसुधारणेच्या व्यापक अर्थाने वापरला जातो, पण येथे त्याचा अर्थ अधिक साधा आहे: लोकव्यवहाराची घडी मोडू नये. सापडलेली वस्तू परत करणाऱ्यालाच कोर्टकचेरी भोगावी लागली, तर उद्या वाटेवरच्या थैलीकडे कोणी वळूनही पाहणार नाही. तलमूदाच्या चर्चेत उदाहरण येते तेही एकत्र बांधलेल्या दोन थैल्यांचेच. लोककथेचा कच्चा माल येथे, कायद्याच्या पानावर, पडलेला आहे.

अर्थात शपथेतून सूट मिळाल्याने गरीब निर्दोष ठरला, तरी लबाडाचे काही बिघडले नाही. त्याची शंभरांची थैली त्याला मिळाली आणि बक्षीसही वाचले. येथे शास्त्राची दुसरी एक चिंता पुढे येते. ‘शेवुओत’ या शपथविषयक ग्रंथभागात, असत्यापासून दूर राहावे या बायबलमधील आज्ञेचा विस्तार करताना, असे सांगितले आहे की ज्याचे खरोखर शंभर येणे आहे त्याने ऋणकोला शपथेच्या पेचात आणण्यासाठीसुद्धा दोनशेंचा दावा करू नये. येणे खरे असले तरी फुगवलेला दावा निषिद्ध आहे. त्याच ओघात न्यायाधीशालाही तंबी आहे: दावा कपटाचा आहे असे त्याला जाणवत असताना साक्षीदार असे सांगतात म्हणून मी असा निकाल देतो, पाप त्यांच्या माथी, असे म्हणून त्याने मोकळे होऊ नये. अशा प्रकरणाला ‘दीन मेरुम्मे’, कपटाचा खटला, म्हणतात, आणि त्यात खोदून चौकशी करावी किंवा न्यायासनावरून बाजूला व्हावे, एवढेच मार्ग उरतात. कथेतील रब्बी तिसरा मार्ग काढतो. तो चौकशी करत नाही, कारण जो सगळी थैली गिळू शकत होता त्याने अर्धी आणून का दिली असती, एवढ्या तर्कानेच सत्य उघड झालेले आहे. तो बाजूलाही होत नाही. तो फिर्यादीचे म्हणणे अक्षरशः मान्य करतो.

हे मान्य करणे म्हणजे नुसती शब्दांची कसरत आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर ज्यू कायद्यातील कबुलीच्या सिद्धान्तात आहे. पैशाच्या दाव्यात पक्षकाराने स्वतःविरुद्ध दिलेली कबुली शंभर साक्षीदारांच्या बरोबरीची मानली जाते, असे तत्त्व तलमूदात पुन्हा पुन्हा येते. माझी थैली दोनशेंची होती या विधानाला दोन बाजू आहेत: गरिबाविरुद्ध तो आरोप आहे आणि म्हणून त्याला पुरावा लागतो, पण समोरच्या शंभरांच्या थैलीविषयी ती कबुली आहे, ही माझी नव्हे अशी, आणि तिला कोणत्याही पुराव्याची गरज नाही. रब्बी एकाच वाक्यातील आरोप सोडून देतो आणि कबुली उचलतो.

कबुलीला इतके बळ का असावे, यावर पुढील पंडितांनी पुष्कळ खल केला आहे, आणि या कथेच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. माणूस स्वतःचे नुकसान करून घेण्यासाठी खोटे बोलणार नाही, म्हणून त्याचे बोलणे खरे मानावे, हे एक उत्तर झाले. पण येथे ते लागू पडत नाही, कारण रब्बीला व्यापाऱ्याचे बोलणे खोटे असल्याचे ठाऊक आहे. सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यात होऊन गेलेल्या योसेफ इब्न लेव्ह यांनी निराळे उत्तर सुचवले: कबुलीचे बळ तिच्या खरेपणात नसून, बोलणारा त्या शब्दांनी स्वतःवर एक नवे बंधन घालून घेतो यात आहे; ज्याला आपले धन देऊन टाकण्याचा अधिकार आहे, त्याला ते आपले नाही असे म्हणून सोडण्याचाही आहे. गॅलिशियातील अर्ये लेब हेलर यांनी ‘क्त्सोत हाखोशेन’ या ग्रंथात या मताचा प्रतिवाद केला, आणि पाठशाळांत हा वाद आजही शिकवला जातो. फौजदारी प्रकरणात याच कायद्याने कबुलीला काडीचीही किंमत दिलेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे इब्न लेव्ह यांच्या म्हणण्यातील वजन कळते. स्वतःच्या कबुलीवरून कोणालाही देहदंड देता येत नाही. धर्मशास्त्राची संहिता रचणारे मायमोनिडीस यांनी त्याचे कारण सुचवले की जिवाला कंटाळलेला माणूस न केलेला गुन्हाही कबूल करील. सोळाव्या शतकातील दाविद इब्न झिम्रा यांनी त्यावर टिप्पणी करताना म्हटले की धन माणसाच्या मालकीचे असते, प्राण त्याच्या मालकीचा नसून ईश्वराचा आहे, आणि जे आपले नाही ते शब्दाने देऊन टाकता येत नाही. लोभी माणसाला त्याच्याच शब्दांत पकडण्याची ही युक्ती म्हणूनच केवळ पैशाच्या दाव्यात शोभते. शंभर मोहरांऐवजी फासावर जाण्याचा प्रश्न असता, तर तोच रब्बी तसा निवाडा देऊ शकला नसता, आणि श्रोत्यांना त्यावर हसूही आले नसते.

या कथेच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली दुसरी एक कथा ‘नेदारिम’ या ग्रंथभागात आहे. रावा या चौथ्या शतकातील बाबिलोनी पंडिताच्या न्यायासनापुढे एका ऋणकोला, आपण कर्ज फेडले आहे, अशी शपथ घ्यायला सांगितले जाते. तो पोकळ काठीत नाणी भरून, तिच्यावर रेलत येतो. धर्मग्रंथाची गुंडाळी हाती घेण्यापूर्वी काठी जरा धर म्हणून ती धनकोच्या हातात देतो. आणि घेतलेले सर्व मी याच्या हाती परत दिले आहे, अशी शपथ वाहतो. संतापलेला धनको काठी आपटतो, ती फुटते आणि नाणी जमिनीवर सांडतात. शब्दशः पाहिले तर शपथ खरी होती. याच प्रसंगाची छाया सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात दिसते, तेथे सांचो पांझा आपल्या बेटावर न्याय करायला बसतो आणि काठी फोडायला लावतो. स्पॅनिश कादंबरीत न्यायाधीश हुशार आहे, तलमूदात मात्र काठी रागाच्या भरात फुटते आणि रावाला काही सुचल्याचा उल्लेख नाही. हा फरक लक्षणीय आहे, कारण तलमूदाला येथे न्यायाधीशाचे कौतुक करायचे नसून एक नियम रुजवायचा आहे: शपथ घेणाऱ्याला आधीच सांगितले जाते की तुझ्या मनातील अर्थाने नव्हे, न्यायासनाच्या आणि ईश्वराच्या मनातील अर्थाने तू शपथ घेत आहेस.

दोन्ही कथा एकत्र ठेवल्या म्हणजे एक विसंगती नजरेत भरते. काठीवाल्याने अक्षराला धरून बोलावे हे अमान्य, आणि रब्बीने व्यापाऱ्याचे अक्षर धरून निकाल द्यावा हे मान्य. एकाला मनाई असलेली चलाखी दुसऱ्याला मोकळी कशी? चलाखी सज्जनाच्या बाजूने असली की चालते, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे, कारण सज्जन कोण हे ठरवण्यासाठीच तर न्यायासन असते. अधिक टिकणारे उत्तर असे दिसते की दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. न्यायासनापुढे उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. काठीवाल्याला वाटले की आपल्या शब्दाचा अर्थ आपण मनात जपून ठेवू. व्यापाऱ्याला वाटले की दोनशे हा आकडा गरिबाला घाबरवण्यापुरता वापरू आणि मग गिळून टाकू. दोघांच्याही लोभाचे खरे रूप हेच आहे. धनाचा लोभ त्यामागे आहेच, पण शब्द वापरायचा आणि त्याची किंमत मात्र द्यायची नाही, हा लोभ अधिक खोल आहे, आणि अल्फोन्सीच्या श्रीमंताला कबुलीनंतर धन परत मिळते याचेही कारण हेच असावे: त्याने अखेरीस किंमत मोजली, आपल्याच तोंडाने आपल्याला खोटे ठरवले.

लोभ मुळातच नसेल तर न्यायाचे चातुर्य कोणत्या कामी येते, याचेही चित्र या परंपरेने रंगवले आहे. यरुशलेमी तलमूदात बावा मेत्सियाच्या त्याच दुसऱ्या अध्यायावरील चर्चेत आणि ‘बेरेशित रब्बा’ या उत्पत्तीच्या पुस्तकावरील प्राचीन व्याख्यानसंग्रहात सिकंदर कात्सिया नावाच्या दूरदेशीच्या राजाकडे जातो, तो सोने पाहायला नव्हे, तेथील न्याय पाहायला. एकाने दुसऱ्याकडून पडकी जागा विकत घेतलेली असते आणि तिच्यात धन निघते. घेणारा म्हणतो, मी जागा घेतली, धन घेतले नाही. विकणारा म्हणतो, जागेबरोबर तिच्यातील सर्व काही दिले. राजा एकाला मुलगा आहे का आणि दुसऱ्याला मुलगी आहे का असे विचारतो, त्यांचे लग्न लावून द्यायला सांगतो, आणि धन दोघांच्या घरात राहते. सिकंदर म्हणतो की आमच्याकडे दोघांना ठार करून धन राजाने घेतले असते. त्यावर राजा विचारतो की तुमच्याकडे पाऊस पडतो का, ऊन पडते का, शेळ्यामेंढ्या आहेत का. आणि होय असे उत्तर येताच सांगतो की तर मग तो पाऊस त्या मुक्या जनावरांच्या पुण्याईने पडतो. सापडलेले धन राजाचे, हा सिकंदराचा नियम कल्पित वाटत असला तरी श्रोत्यांना तो परका नव्हता: पर्शियनांच्या राज्यात हरवलेली वस्तू राजाची मानतात अशी तक्रार तलमूदात आहे, आणि त्या भीतीने जाहीर पुकारा बंद होऊन केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवण्याची प्रथा पडली. एकट्या व्यापाऱ्याचा लोभ न्यायासन आवरू शकते. न्यायासनावर बसलेल्याचाच लोभ आवरायला कथेला पाऊस आणि मेंढ्या बोलवाव्या लागतात.

राहिला प्रश्न थैलीचा. खरा मालक येईपर्यंत ती ठेवावी, हे रब्बीचे शब्द श्रोता हसून सोडून देतो, कारण मालक समोरच उभा आहे आणि दुसरा कोणी येणार नाही हे त्याला ठाऊक असते. पण मिश्नात या वाट पाहण्याला एक नाव आहे. ज्या धनाचा वाद मानवी पुराव्याने सुटत नाही ते एलियाहू येईपर्यंत ठेवून द्यावे, असे तेथे म्हटले जाते. मरण न पावता स्वर्गात गेलेला हा संदेष्टा मसीहाच्या आगमनापूर्वी परत येईल अशी श्रद्धा आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला एलियाहू सर्वांत जवळचा. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने अर्पण होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण असल्याचे ते मानतात.

बावा मेत्सियाच्या तिसऱ्या अध्यायात दोघांनी एकाकडे ठेव ठेवलेली असते, एकाने शंभर आणि दुसऱ्याने दोनशे, आणि मागायला आल्यावर दोघेही म्हणतात की दोनशे माझे. पंडितांचे मत असे की प्रत्येकाला शंभर द्यावे आणि वादातील शंभर एलियाहूसाठी ठेवावे. रब्बी योसे विचारतात की मग लबाडाने गमावले काय? त्याला त्याचे शंभर मिळाले, खोटे बोलणे फुकट पडले एवढेच. म्हणून त्यांच्या मते तीनशेच्या तीनशे ठेवून द्यावेत, म्हणजे आपले शंभर अडकलेले पाहून लबाड स्वतःच कबूल होईल. थैलीच्या कथेतील निवाडा हा अक्षरशः योसे यांचा निवाडा आहे, आणि अल्फोन्सीचा श्रीमंत त्यांच्या अपेक्षेप्रमाणेच वागतो. मात्र लोककथेने ज्यांना न्यायाधीश केले, त्या योसे यांचे मत धर्मशास्त्राने या ठेवीच्या खटल्यात स्वीकारले नाही. मायमोनिडीस यांच्या संहितेतही निर्णय आहे तो इतर पंडितांचाच, दोघांना शंभर-शंभर, आणि उरलेले शंभर एलियाहू येईपर्यंत.